इंजिन खोलण्याआधी डिपस्टिक हुंगा

आधी पत्र, थोडं कापून:

"नमस्कार भाऊ. बाबांची १९६८ ची फियाट ११०० आमच्याकडे आहे. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती शेडमध्ये नुसती उभी होती. आता मी दर रविवारी कोराडीच्या देवीपर्यंत नेतो आणि परत आणतो. काही महिन्यांपासून निळसर धूर येऊन राहिला, चढावर दम राहत नाही आणि सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा मिचमिचतो. पूर्वी दर चारशे किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागायचं. मार्चपासून सात-आठशे किलोमीटर झाले असतील, पण थेंबही टाकावा लागला नाही, तेवढीच समाधानाची बाब. एका मिस्त्रीने दोन मिनिटं ऐकून सांगितलं, 'बेअरिंग गेली साहेब, फुल इंजिन करावं लागते. ७५ हजार. पंधरा दिवसांत देतो.' दुसरा म्हणाला, 'काहून एवढा खर्च करता, हाफ इंजिन करू, रिंगा टाकू, चालते.' मेहुणा म्हणतो मारुतीचं इंजिन बसव आणि कटकट संपव. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीचं लग्न आहे. आजोबांच्या गाडीतूनच हॉलवर जाणार आणि वरातही त्याच गाडीतून काढायची, असा तिचा हट्ट आहे. दुरुस्ती करू, की इंजिन नव्याने बांधून घेऊ? – नागपूरच्या प्रतापनगरचा एक फियाटवाला"

भाऊ, मुलीला आशीर्वाद. आता इंजिनाकडे वळू.

तुम्ही जिला समाधानाची बाब म्हणता, त्या ओळीपाशी मी अडकलो. चारशे किलोमीटरला लिटर पिणारं इंजिन अचानक माळकरी झालं, आणि धूर मात्र चालूच? असं होत नसतं. ते ऑइल पितंच आहे. पातळी उतरत नाही, कारण वरून दुसरं काहीतरी भरलं जातंय. पाणी भरलं जात असतं तर ऑइल ताकासारखं पांढरट झालं असतं आणि ते तुम्ही नक्की लिहिलं असतं. म्हणजे उरलं पेट्रोल.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा आणि नाकाशी धरा. ऑइलचा वास जड असतो, पेट्रोलचा नाकात चढतो, फरक लहान पोरालाही कळतो. मग एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका आणि पंधरा मिनिटांनी बघा. चांगलं ऑइल मधे गडद डाग ठेवून सावकाश पसरतं. पेट्रोल मिसळलेलं असलं तर डागाभोवती फिकट, रुंद कडं भराभर उमटतं. बोटांत चोळून बघा, चिकटपणा गेलेला असेल. डिपस्टिकला काडी लावून बघणारे महाभाग मी पाहिले आहेत. तुम्ही तो प्रयोग करू नका. आणि वास आलाच तर पुढचं काम होईपर्यंत गाडी सुरूही करू नका, कोराडीची देवी एखादा रविवार वाट बघेल. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडलेली असताना इंजिन फिरवणं धोक्याचं आहे.

हे पेट्रोल येतं कुठून? तुमच्या गाडीचा फ्युएल पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला आहे. आतला कॅमशाफ्ट फिरला की पंपाची दांडी हलते आणि ती एक रबरी पडदा खालीवर ओढते. पडद्याच्या वरच्या बाजूला पेट्रोल, खालच्या बाजूला थेट इंजिनाचं पोट. पडद्याला केसाएवढी चीर गेली, की पेट्रोल थेंबाथेंबाने चेंबरमध्ये उतरतं. गाडी दोन वर्षं उभी राहिली तेव्हा तो पडदा वाळला असणार. त्यात पेट्रोल पंपावर हल्ली मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या काळचं रबर या मिश्रणासाठी बनलेलंच नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर कडक होऊन तडकतं.

आता तुमची तीनही लक्षणं या एका पडद्याशी लावून बघा. पातळ झालेलं ऑइल पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या आजूबाजूने सहज वर चढतं आणि जळतं, म्हणून धूर. पातळ ऑइलला गरम झाल्यावर दाब धरता येत नाही, म्हणून सिग्नलला दिवा मिचमिचतो. आणि पडदा फाटलेला पंप चढावर पुरेसं पेट्रोल देत नाही, म्हणून दम जातो. इंजिन ठणठणीत आहे असं मी म्हणत नाही. चारशे किलोमीटरला लिटर हा आजार तर पडद्याच्याही आधीचा आहे. पण ज्या दिव्यावरून मिस्त्रीने बेअरिंग गेल्याचा निकाल दिला, तो दिवा सध्या साक्षीला उभा करण्याच्या लायकीचा नाही.

तेव्हा ७५ हजारांच्या आधी हे करा. पंपाला इथेनॉल चालेल असा नवा पडदा टाका, नाहीतर पंपच बदला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदला. जुनं ऑइल गाडी सुरू न करता, थंडच पूर्ण काढा, फिल्टर बदला, साधं मिनरल २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल भरा. टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग लावून घ्या. मग गाडी दोनशे किलोमीटर खरोखर चालवा. कोराडीचा फेरा यात धरू नका. काटोलला जाऊन या, आठवड्याने रामटेकला जा. दोन वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा कार्बनने आणि चिकट ऑइलने खाचेत चिकटून बसतात. छोट्या फेऱ्यांनी त्या सुटत नाहीत, लांब रस्त्याला इंजिन तापलं की पुष्कळदा सुटतात. अशी बरीच इंजिनं न खोलता सुधारलेली मी पाहिली आहेत. न सुधारलेलीही पाहिली आहेत, म्हणून पुढचं वाचा.

रामटेकला नेण्यामागे माझा स्वार्थ आहे. गडावर चढताना आणि उतरताना मागच्या गाडीत कुणाला तरी बसवा आणि त्याला फक्त तुमचा सायलेन्सर बघायला सांगा. चढावर, पाय दाबलेला असताना सतत निळा धूर आला तर बोट रिंगा-बोअरकडे (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते सिलिंडरचं भोक) जातं. उतारावर मात्र गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढा, पायथ्याशी आल्यावर एकदम रेस द्या. त्या क्षणी निळा भपकारा आला आणि मग साफ झाला, तर व्हॉल्व्हच्या गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, झिजल्या आहेत. उतारावर इंजिन आत जोराने हवा ओढतं आणि त्या ओढीत सैल गाइडमधून ऑइल खाली उतरतं. सकाळी पहिल्या स्टार्टला येणारा भपकाराही त्याच घरचा. काळा धूर आला तर तो कार्बोरेटरचा, त्यासाठी इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

आता आकडे. मिस्त्रीचा कान मी कमी लेखत नाही, माझं निम्मं आयुष्य अशा कानांच्या भरवशावर गेलं. पण कान सुरुवातीला उपयोगाचा, शेवटचा शब्द गेजचा. इंजिन गरम असताना चारही प्लग काढा, कॉइलची मधली वायर काढून ठेवा, बॅटरी चार्ज असू द्या, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके द्या. चार आकडे लिहा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा चार आकडे घ्या. पहिले कोरडे, दुसरे ओले.

समजा कोरडे आले १२०, ११८, ७५, १२२ पीएसआय (दाबाचं माप). तिसरा सिलिंडर आजारी. ऑइल टाकल्यावर तो ७५ वरून ११० वर गेला तर रिंगा किंवा बोअर, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. ७५ चा ८० वरच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर मधलं गॅस्केट बघा. आणि चारही ८० च्या आसपास असून ओले घेताना सगळे ११५ ला पोचले तर सगळा बोअर थकला आहे. एक सूचना: हे कमी कॉम्प्रेशन रेशोचं जुनं इंजिन आहे. रोज नव्या गाड्यांवर १७०-१८० बघणारा पोरगा तुमचे १२० बघून "गेलं हे" म्हणेल. चौघांमधला फरक किती, याकडे लक्ष द्या. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी झोपी जातो.

दाबाचंही तसंच. दिव्याचा स्विच काढून त्या जागी दहा मिनिटांसाठी काट्याचं गेज लावा, वीस किलोमीटर चालवून आल्यावर. जुना ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय. गरम इंजिनात आयडलला दहाच्या आसपास आणि रेसवर तीसच्या वर काटा राहिला, तर तुमचं खालचं घर, म्हणजे बेअरिंगची बाजू, शाबूत आहे. स्विच स्वतःच खराब असणं ही सुद्धा रोजची गोष्ट आहे, आणि तो किती स्वस्तात येतो हे कळल्यावर तुम्ही मिस्त्रीकडे वेगळ्या नजरेने बघाल.

या सगळ्यातून गाडी चांगली निघाली, तर इंजिनाला हात लावू नका. पाचशे-सहाशे किलोमीटरला लिटर ऑइल पिणारी साठीच्या घरातली फियाट आठवड्यातून एकदा चालवायला हरकत नाही. डिकीत ऑइलचा डबा ठेवायचा.

दाब चांगला, पण गाइड किंवा व्हॉल्व्ह गेलेले, असं निघालं तर फक्त हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम. तुमच्या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. व्हॉल्व्हच्या सीटा त्यात वेगळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे २००० सालच्या फेब्रुवारीत देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं त्याची तुम्हाला फार धास्ती नको. (अँबेसेडरवाल्यांनी हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचं हेड बिडाचं, सीट त्याच बिडात कापलेली, त्यांनी हेड खोललं की कडक सीटा बसवूनच घ्याव्यात.) अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचा खरा शत्रू आपला मे महिना. एकदा पाणी उकळलं की हेड बाक धरतं. पट्टी आणि फिलर (फट मोजायची पातळ पाती) लावून बघितल्याशिवाय, गरज असेल तर फेसिंग करून सपाट केल्याशिवाय, नवं गॅस्केट लावू देऊ नका. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणं आजपासून बंद. मी जमिनीतल्या बोअरबद्दल बोलतोय. त्या पाण्याने चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर चढतो तसाच तो ब्लॉकच्या आतही चढतो, आणि बीड-अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीत गंजही लवकर धरतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला.

हेड निघालं की तुम्हाला एक सोन्यासारखी संधी मिळते. पिस्टन वरून दिसतात. मिस्त्रीला सांगून त्यांच्या डोक्यावरचा कार्बन लाकडी पट्टीने हळूच खरवडा आणि रॉकेलच्या फडक्याने पुसा. तिथे साइज ठोकलेली असते. एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, असेल तर बोअर अजून कंपनीचा आहे. ०२० किंवा ०४० असं काही असेल तर बाबांच्या हयातीत एकदा-दोनदा काम झालेलं आहे. बाबांची जुनी बिलं कुठे पेटीत असतील तर तीही काढा.

हा आकडा का महत्त्वाचा, ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. तुमच्या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, म्हणून १०८९ सीसी. ही इंजिनाची जात १९३७ च्या इटलीतल्या फियाटपासून चालत आली, कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने ती पुढे प्रीमियर पद्मिनी गाडीत, शतक संपेपर्यंत बसवली. दर वेळी बोअर मारला, म्हणजे कापून रुंद केला, की भिंतीचं थोडं बीड कायमचं जातं. वीस थाऊ, मग चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). चाळीसला तुमचा बोअर ६९ मिलिमीटर होतो आणि इंजिन हिशेबाने ११२२ सीसीचं. आरटीओच्या कागदावर ते १०८९ च राहतं आणि कुणी विचारत नाही. पण त्याच्या पुढे ब्लॉकमध्ये स्लीव्ह, म्हणजे नव्या भिंतीची नळी, ठोकण्यावाचून सहसा मार्ग उरत नाही. स्लीव्हचं काम चांगलं होऊ शकतं, फक्त तसं करणारे हात आता शोधावे लागतात. बोअर मारणं म्हणजे मुदत ठेव मोडणं समजा. गरजेला मोडावीच, पण फाटलेल्या पडद्यासाठी नाही.

बोअर किती झिजला हे मोजायला डायल गेज लागतं. ते नसेल तर एक घरगुती युक्ती आहे. एक रिंग घ्या, पिस्टनच्या डोक्याने ढकलून ती बोअरच्या तळाशी सरळ बसवा, तिथे झीज जवळपास नसते. तिच्या दोन टोकांमधली फट फिलरने मोजा. मग तीच रिंग वरच्या बाजूला, जिथे बोटाला पायरी लागते तिच्या जरा खाली बसवून पुन्हा मोजा. दोन फटींतल्या फरकाला तीनाने भागा, थोडं जास्तच, बावीस सप्तमांश. समजा खाली १० थाऊ आणि वर २२, तर फरक १२, म्हणजे बोअर वर साधारण ४ थाऊने रुंद झालाय. माझा हिशेब असा आहे: ४ थाऊपर्यंत होनिंग (बोअरची हलकी घासाई) करून नव्या रिंगा टाकाव्यात, ८ च्या वर बोअर मारावा. मधल्या आकड्याला गाडी किती चालवणार ते विचारावं. तुमच्यासारख्या वर्षाला दोन हजार किलोमीटरवाल्याला मी होनिंगच सुचवेन.

यावरून हाफ इंजिनवाल्या मिस्त्रीबद्दल. झीज ४ थाऊच्या आत असेल तर त्याचा सल्ला बरोबर आहे. ८ च्या वर असेल तर ते पैसे पाण्यात, कारण वर रुंद आणि खाली अरुंद बोअरमध्ये नवी रिंग प्रत्येक फेरीला उघड-मीट करत राहते आणि वर्षभरात धूर परत येतो. वरची पायरी न काढता नव्या रिंगा घातल्या तर पहिली रिंग त्या पायरीवर आपटून तुटतेसुद्धा. त्याने मोजलं का, हे विचारा. मोजलं नसेल तर त्याचा हाफ आणि दुसऱ्याचा फुल, दोन्ही अंदाजच.

फुल इंजिनाची वेळ कधी? ओल्या परीक्षेत चारही सिलिंडर वर आले, नव्या ऑइलवर आणि काट्याच्या गेजवरही गरम दाब पडतो, आणि चढावर खालून जड, दबका ठोका येतो. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर मागेपुढे बघू नका. तेव्हा मात्र अर्धवट काही नको. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) मायक्रोमीटरने मोजून ग्राइंडिंग, बेअरिंग, थ्रस्ट, ऑइल पंप, टायमिंग चेन, सगळं करा. ब्लॉक आणि क्रँकमधल्या ऑइलच्या वाटा तारेने आणि हवेने साफ झाल्याचं स्वतः उभं राहून बघा. ग्राइंडिंगची धूळ तिथे राहिली तर नवी बेअरिंग पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये जातात.

इथे माझी एक जुनी जखम दाखवतो. माझ्याही फियाटचं मी एकदा फुल इंजिन केलं होतं, दिवाळीच्या आत हवं या घाईने. पिस्टन मुंबईहून यायचे होते. लेथवाला म्हणाला, "साइज माहीत आहे ना, मी बोअर मारून ठेवतो, पिस्टन आले की टाकू." मी हो म्हटलं. आलेले पिस्टन डब्यावर त्याच साइजचे, पण प्रत्यक्षात एक-दीड थाऊने मोठे. दोन-तीन थाऊ मोकळीक ठेवायची तिथे जेमतेम एक उरली. थंडीत गाडी चालली. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडला इंजिनाचा आवाज घट्ट होत गेला, पिकअप गेला आणि बुटीबोरीच्या अलीकडे जाम झालं. रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली मी दोन तास बसलो होतो. चूक लेथवाल्याची अर्धी आणि माझी अर्धी. तेव्हापासून माझा नियम आहे: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायचा नाही, आणि चारही पिस्टन वेगवेगळे मोजून ज्याचा त्याचा बोअर मारायचा. लेथवाल्याला पैसे स्वतः द्या आणि मापं कागदावर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडे ब्लॉक ठेवू नका.

दुसरा खड्डा म्हणजे "उघडलंच आहे तर". उघडलंच आहे तर क्लच करू, गिअरबॉक्स बघू, मग रंग, मग सीट. यातूनच इंजिन पोत्यात आणि गाडी विटांवर अशी वर्षं निघतात. आपल्या शहरात अशा किती गाड्या शेवग्याच्या झाडाखाली उभ्या आहेत. क्लच करा, कारण इंजिन बाहेर असताना ते काम सोपं जातं. बाकीचं नंतर.

आता लग्न. इंजिनात काहीही निघालं, तरी माझं मत आहे की लग्नाआधी ते बांधायला घेऊ नका. पंधरा दिवसांचा वायदा करणाऱ्या मिस्त्रीच्या मनात वाईट नसतं, पण पार्ट येतात तेव्हा येतात. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरावं लागलं, तेव्हापासून नवं सामान आणि भंगारातलं सामान, दोन्हीचा ओघ आटतोय. मी तर दीड-दोन महिने धरतो. म्हणजे गाडी नोव्हेंबरात हातात येणार. ताज्या बांधलेल्या इंजिनाला पहिले पाचशे ते हजार किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, कमी-जास्त वेगाने चालवायला हवं, तेव्हाच रिंगा बोअरवर बसतात. वरातीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बँड पुढे, गाडी मागे, दोन तास पहिल्या गिअरमध्ये, अर्धा वेळ आयडलला. नव्या इंजिनासाठी याहून वाईट दिवस नाही. बोअरला चकचकीत थर चढतो, रिंगा कधीच बसत नाहीत आणि ७५ हजारांचं इंजिन आयुष्यभर धूर सोडतं. जुनं इंजिन मात्र ही वरात बिनतक्रार काढेल. रेडिएटर साफ करून घ्या, फॅन बेल्ट आणि थर्मोस्टॅट बघा. बँडवाल्यांना सांगा, गाडीला सायलेन्सरकडून घेरू नका. मुलीला हॉलवर न्या, वरात छोटी ठेवा, हवं तर शेवटचे दोनशे मीटर. बांधायचंच असेल तर जानेवारीत घ्या. हवा थंड असते, काटोलचा रस्ता मोकळा असतो आणि उन्हाळ्याच्या आत इंजिन बसतं.

मेहुणे. त्यांना घरात मान असतो म्हणून थोडक्यात लिहितो. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. इंजिन बदललं की ते दार बंद. मात्र घाईने ती नोंदणीही करू नका. ती झाली की गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. वरात त्या यादीत नाही, आणि तुमचे कोराडीचे रविवारही नाहीत. साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करत राहा. मेहुण्यांना वरातीत पुढच्या सीटवर बसवा, गिअर स्टिअरिंगवर असल्याने तिथे जागा भरपूर असते.

पंपाचं काम झालं आणि रामटेक झालं की आठ आकडे कळवा, चार कोरडे, चार ओले, आणि काट्याचा गरम दाब. हेड निघालंच तर पिस्टनवर काय ठोकलंय त्याचा फोटो पाठवा. त्याआधी ७५ हजारांतला एक रुपयाही कुणाला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.